धुवून ताणायची राहिली

दगडाबाईला भोकांचा भारी राग. चाळणी आणि सुईचं नेढं सोडलं तर भोक असलेली वस्तू घरात ठेवू नये, असा तिचा कायदा. बादलीला भोक पडलं की गेली भंगारात, पोत्याला पडलं की ही बसली दाभण घेऊन. आणि अशा बाईच्या नशिबी सून आली ती कशी, तर दोन सुया घेऊन बसायची आणि चांगल्या लोकरीत मुद्दाम भोकं पाडायची.

“अगं, शाल विनायलीस का मासे धरायचं जाळं?” दगडाबाई दारातून जाता-येता टोमणा मारायचीच. “थंडीला काय सांगून ठिवनारेस? बाई गं, भोक दिसलं म्हनून आत यिऊ नको?”

सून, सत्यशीला, सुयांवरची नजर न काढता हसायची. “आत्याबाई, जाळीची शाल अशीच असती.”

“असू दे. आमच्याकडं जाळी खिडकीला बसवत्यात.”

आता तुम्ही दगडाबाईला अडाणी म्हणून सोडून द्याल तर फसाल. लोकरीतलं तिला कळत नव्हतं असं मुळीच नाही. उलट लोकरीतच तिचा जन्म गेलेला. खुलताबादच्या डोंगराखाली एका गावात तिच्या नवऱ्याचा, मल्हाररावाचा, घोंगड्यांचा माग होता. घरची मेंढरं, घरची लोकर. सूत कातायची दगडाबाई, विणायचा मल्हारराव. पण मागावरून उतरलेलं घोंगडं म्हणजे नुसतं विरविरीत कापड. त्याचं घोंगडं करायची ती दगडाबाईच. कढत पाण्यात भिजवून पायांनी तुडवायचं, म्हणजे लोकर लोकरीला धरते आणि वीण मिटून जाते. मग चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून त्यांची खळ करायची, ती कुंच्यानं अंगभर चोपडायची आणि उन्हात चारी बाजूंनी ताणून वाळवायचं. तिच्या हातच्या घोंगड्यावर तांब्याभर पाणी ओतलं तरी खाली ठिपका पडायचा नाही. बाजारात लोक मल्हाररावाचं घोंगडं म्हणून मागायचे, आणि मल्हारराव हसून म्हणायचा, “माझं कशाचं? हिच्या पायाचं हाय ते.” दगडाबाई पदर तोंडाला लावायची आणि दुसरीकडं बघायची.

मल्हारराव गेला, मेंढरं विकली, ज्यात पाय सोडून तो विणायला बसायचा तो मागाचा खड्डा बुजवला. मुलगा भारत वाळूजच्या कंपनीत लागला होता, त्यानं आईला शहरात, पुंडलिकनगरातल्या घरी आणलं. येताना तिनं आणलं काय? एक शेवटचं घोंगडं, जे वर्षातून एकदा देव बसवायलाच बाहेर निघायचं, आणि चिंचोक्यांनी भरलेला डबा. “हे कशाला गं माय?” भारतनं विचारलं. “असू दे. खायला मागत नाय ते,” दगडाबाई म्हणाली, आणि डबा पलंगाखाली सारला.

सत्यशीलाला विणकामाचा नाद लावला शेजारच्या यमुनाकाकूंनी. काकू जुन्या शाळामास्तरीण, हात मोठा गुणी. त्यांच्या लेकानं परदेशातून उंची लोकर आणून दिली होती, धागा इतका बारीक की तोंडानं फुंकर मारली तर उडून जावा. पण तोवर काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. कपाटात कसर लागण्यापेक्षा तुझ्या हाताखालून जाऊ दे, म्हणून त्यांनी ती सत्यशीलाला देऊन टाकली. अबोली रंग. सत्यशीलाच्या मुलीला, सुकेशनीला, तो रंग बघताक्षणी आवडला. नववीतली पोर, तिनं लोकरीचा गुंडा गालाला लावला आणि म्हणाली, “मम्मी, ह्याचं माझ्यासाठी कर.” झालं, शाल सुरू झाली.

मायलेकी मोबाइलवर विणकाम बघायच्या, अडलं की सत्यशीला काकूंकडं पळायची. दोन टाके एकत्र घ्यायचे, मग सुईला वेढा देऊन एक रिकामा टाका सोडायचा. तो रिकामा टाका म्हणजेच भोक. अशी भोकं नेमकी मांडत गेलं की त्यातून पिंपळपान उमटतं, असं सत्यशीला सांगायची. दगडाबाईला ते पान काही केल्या दिसायचं नाही. मधूनच सत्यशीला एका अख्ख्या ओळीतून पांढरा दोरा ओवून ठेवायची. पुढं कुठं टाका निसटला तर उसवत ह्या दोऱ्यापर्यंतच यायचं, त्याखालची वीण शाबूत राहते. दगडाबाईला सगळ्या उद्योगात तेवढी एक गोष्ट पटली. “हे मातर शानपन हाय,” ती म्हणाली.

असा दोरा माणसाच्या अंगात ओवायची सोय देवानं ठेवलेली नाही. सत्यशीलाच्या पोटात दुखायला लागलं. आधी गल्लीतला दवाखाना, मग मोठा दवाखाना, मग आणखी मोठा. कॅन्सर निघाला, आणि तोही पसरलेला. भारतची कंपनीतली पाळी चुकवता येईल तेवढी त्यानं चुकवली. बाकी वेळ सुनेसोबत दवाखान्यात बसायचं काम दगडाबाईकडं आलं. सत्यशीलाचे केस गेले, भुवया गेल्या, जीभ सोलवटली. एका हाताला नळी लावलेली आणि तरी मांडीवर ती अबोली शाल. नर्स रागवायच्या. ती म्हणायची, “सिस्टर, एवढी ओळ होऊ द्या.”

एक दिवस ओळ अर्धी टाकून ती म्हणाली, “आत्याबाई, सुकेशनीची दहावीबी मला दिसती का नाय, कुनास ठाऊक. लग्नाचं तर सोडाच. पोरीच्या अंगावर माझ्या हातचं एक तरी असू द्या. एवढी शाल झाली की मी सुटले.”

“सुटले-बिटले बोलू नको. जिभेला काय हाड हाय का नाय तुझ्या?” दगडाबाई खेकसली. “मला बघ. माझ्या आधीची लेकरं जगत नव्हती म्हनून मायनं माझं नाव दगडा ठिवलं. यमानं वळून बघितलं नाय. आजपासून तुझंबी नाव धोंडाबाई.”

सत्यशीला हसली. हसता हसता तिला खोकला आला, आणि दगडाबाई पाणी आणते म्हणून बाहेर गेली. नळावर ती रिकामी बाटली घेऊन उभी राहिली, भरली, ओतली, पुन्हा भरली. रडायचं तिला जमत नव्हतं. मल्हारराव गेला तेव्हाही जमलं नव्हतं.

त्या दिवसापासून भोकांवरचे टोमणे बंद झाले. लोकरीचा गुंडा बाकावरून घरंगळू नये म्हणून ती तो मांडीत धरून बसायची, आणि सत्यशीलानं धागा ओढला की हळूच सैल सोडायची. सासवा-सुनांच्या इतक्या वर्षांच्या संसारात दोघी मिळून केलेलं ते पहिलंच काम. एरवी भाकरी कुणी थापायची यावरूनही ह्यांचं वाजायचं. आता दोघी एका धाग्याच्या दोन टोकांना बसायच्या आणि फार बोलायच्या नाहीत.

दसऱ्याच्या सुमाराला शाल सुयांवरून उतरली. सत्यशीलानं शेवटचे टाके बंद केले, सुटी टोकं विणीत दडवली आणि शाल पलंगावर पसरली. दगडाबाईनं बघितलं. आक्रसलेली, चुरगळलेली, जागोजागी फुगे आलेली. पिळून फेकलेल्या फडक्यात आणि तिच्यात काही फरक म्हणून नव्हता. एवढ्यासाठी हिनं डोळे जाळले? पण बाईनं नुसता हात फिरवून एक सुरकुती सारखी केली.

सत्यशीलाला तिचा चेहरा वाचता येत होता. “आता नाय दिसत, आत्याबाई. धुवून ताणायची राहिलीय. धुवून ताणली की मंग उघडती. काकू पुन्याहून आल्या की त्यांच्यापाशी बसून करू.” यमुनाकाकू तेव्हा पुण्याला होत्या, त्यांची नात मृण्मयी बाळंत होणार होती, आणि तिथंच डोळ्याचं ऑपरेशनही उरकून घ्यायचं होतं.

धुवून ताणायची! आता सांगा, ह्याचा अर्थ दगडाबाईला कुणी समजावून द्यायला हवा होता का? मागावरून उतरलं की धुवायचं, ताणायचं. जन्मभर तिनं दुसरं केलं काय होतं?

चार दिवसांत सत्यशीलाला ताप चढला, पुन्हा दवाखाना. ह्या वेळी डॉक्टरांनी सकाळीच भारतला खोलीत बोलावलं, आणि तो बाहेर आला तो भिंतीला हात लावत. आईसमोर उभा राहिला. “माय, घरी न्या म्हनायलेत.”

एवढंच बोलला. दगडाबाईला कळलं. घरी न्या म्हणजे काय, हे मेंढराच्या डॉक्टरानं सांगितलं तरी तिला कळायचं, इथं तर पोटच्या पोराचं तोंड समोर होतं. “उद्या आन तिला,” ती म्हणाली. “मी आज म्होरं जाते. घर झाडून-पुसून ठिवते.”

घर झाडायला आली आणि बघते तर पलंगाच्या उशाला टोपलीत शाल. तशीच आक्रसलेली. आणि दगडाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काकू कधी यायच्या? आणि तोवर ही राहतीय कशाची! हिच्या डोळ्यांदेखत शाल पुरी झाली पाहिजे. पोरीच्या अंगावर बघूनच गेली पाहिजे. आणि ज्या कामात आपला हात कुणी धरला नाही, तेच नेमकं राहिलंय. देवानं तिच्यासाठीच राखून ठेवल्यासारखं.

तिनं पलंगाखालून चिंचोक्यांचा डबा ओढला.

अहो, कुणीतरी यायला हवं होतं हो त्या वेळी दारात. भाजीवाली यायला हवी होती, गॅसवाला यायला हवा होता, चुकीच्या पत्त्यावरचा कुणीही यायला हवा होता. एरवी ह्या गल्लीत दुपारी डोळ्याला डोळा लागू देत नाहीत लोक. त्या दिवशी चिटपाखरू फिरकलं नाही. दगडाबाईनं चिंचोके भाजले, फोडले, कढत पाण्यात भिजवले, मिक्सर तिला चालवता येत नव्हता म्हणून पाट्यावर वाटले आणि खळ रटरट शिजवली. मग न्हाणीत मोठं घमेलं ठेवलं, त्यात शाल घातली आणि वरून आधणाचं पाणी ओतलं. पाय आत टाकला तेव्हा चटका थेट मस्तकात गेला. गावात असताना पायांना सवय होती. आता ती राहिली नव्हती. पण ती निघाली नाही. भिंतीला धरून तुडवत राहिली. एक पाय, दुसरा पाय. पाणी निवलं की पुन्हा आधण. सत्यशीलाचं नाव घेत होती की मल्हाररावाचं की खंडोबाचं, तिचं तिलाच ठाऊक.

आणि लोकरीनं लोकरीला धरलं. टाका टाक्यात रुतला, पान पानात मिटलं. महिनोन्‌महिने एका बाईनं नळी लावलेल्या हातानं सोडलेले ते रिकामे टाके एकामागून एक बुजत गेले. दगडाबाईनं शाल बाहेर काढून बघितली तेव्हा ती टॉवेलाएवढी झाली होती, जाड, घट्ट, टणक. तिचा आनंद गगनात मावेना.

“मिटली गं बाई भोकं!” ती एकटीच मोठ्यानं म्हणाली.

मग खळ चोपडली आणि गच्चीवर चारी कोपऱ्यांना विटा ठेवून ताणून टाकली. ऊन चांगलं होतं. उतरत्या उन्हात शाल वाळून खडखडीत झाली. अबोली रंगावर खळीची तपकिरी झाक आली होती. सुकेशनी शाळेतून आली तेव्हा आजी शाल दोन्ही हातांवर घेऊन दारातच उभी.

“बघ! मायला तुझ्या नवल दाखवू उद्या.”

सुकेशनी बघतच राहिली. दप्तर खांद्यावरून खाली आलं. “आजी... तू ही गरम पाण्यात घातली?”

“कढत!” दगडाबाई अभिमानानं म्हणाली. “कोमट पान्याचं हे काम नाय, पोरी.”

पोरीचं तोंड उघडलं. काहीतरी येत होतं ओठांवर, मोठं, किंचाळण्यासारखं. पण तिची नजर खाली गेली आणि आजीच्या पायांवर अडकली. घोट्यापर्यंत लालबुंद, बोटांमध्ये फोड टरारलेले. ती आत न्हाणीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. मायसाठी जीव तुटतोय पोरीचा, दगडाबाईला वाटलं, आणि तिनं दार वाजवलं नाही.

दुसऱ्या दिवशी भारतनं सत्यशीलाला उचलूनच घरात आणलं. वजन असं उरलंच नव्हतं. पलंगावर टेकवल्यावर तिनं इकडंतिकडं बघितलं आणि टोपलीकडं हात केला. दगडाबाई ह्याच घडीची वाट बघत होती. तिनं पदराआडून शाल काढली आणि सुनेच्या मांडीवर ठेवली.

“घे. तुझं राहिलेलं काम. धुतली, खळ दिली, ताणली.”

सत्यशीलानं शालीवरून हात फिरवला. मग एक बोट ती विणीत कुठंतरी आत घालायला बघू लागली, इथं, तिथं, कडेला, मधोमध. बोटाला वाट सापडली नाही. दारात सुकेशनी उभी होती, डोळे भरलेले, बोलायला तोंड उघडलेलं. सत्यशीलानं तिच्याकडं बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून. दगडाबाईनं ते बघितलं. तिला वाटलं, कळ आली असेल.

“कशी झाली?” तिनं विचारलं. म्हातारीचा आवाज पहिलीतल्या पोरीसारखा झाला होता.

सत्यशीलानं मान वर केली. हसली. “लई ऊबदार झाली, आत्याबाई.”

“व्हय ना? भोकं बुजली बघ समदी.”

“व्हय.” मग तिची नजर खाली गेली. “पाय भाजले तुमचे.”

“भाजतात व्हय माझे पाय! दगड हायत ते.”

सत्यशीलानं तिचा हात धरला. एवढ्या वर्षांत सुनेनं सासूचा हात असा धरला नव्हता, आणि सासूला काढून घ्यावा की राहू द्यावा ते कळेना. “आत्याबाई, एक ऐकता? ही मलाच पांघरा. आत्ता बी, अन् नेताना बी. माझ्यासंगं जाऊ द्या.”

“अन् पोरीला गं? पोरीसाठी केलतीस ना तू? एवढा जीव काढला...”

“पोरीला तुमी हायत की,” सत्यशीला म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

दगडाबाईला वाईट वाटलं ते पोरीसाठी. पण खरं सांगायचं तर त्या दुःखातही तिला आतून फार बरं वाटलं. आपण केलेली चीज सुनेला इतकी आवडली की सोडवेना! समाचाराला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती कोपरा उचलून दाखवायची. “हात लावून बघा. वारा शिरनार नाय.” बाया हात लावायच्या, मान डोलवायच्या. शाल जेमतेम सत्यशीलाच्या छातीवर पुरायची. ती तिथंच असायची, आणि तिच्यावर सत्यशीलाचा हात.

दिवाळीच्या आधी सत्यशीला गेली. दगडाबाईनं स्वतःच्या हातानं ती शाल तिच्या छातीवर ठेवली, कडा सारख्या केल्या. भारत ढसाढसा रडला, सुकेशनीला बायांनी धरून ठेवलं. दगडाबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. “नावासारखीच हाय बाई,” मागं कुणीतरी कुजबुजलं. तिनं ते ऐकलं. शाल सत्यशीलासंगं गेली.

संक्रांतीच्या सुमाराला यमुनाकाकू पुण्याहून परतल्या. ऑपरेशन झालेलं, नव्या नजरेच्या. त्यांनी दगडाबाईला घरी बोलावलं, चहा ठेवला. “गेली तिचं तोंडही बघायला मिळालं नाही मला,” म्हणून डोळ्यांना पदर लावला. दगडाबाई चहाची वाट बघत आतल्या खोलीच्या दाराशी टेकली आणि सहज आत बघितलं.

पलंगावर पांढरी चादर होती आणि तिच्यावर एक छोटीशी पिवळी शाल पसरलेली होती. कडेकडेनं टाचण्याच टाचण्या. शाल ओलसर होती, आणि खिडकीतलं ऊन तिच्या आरपार चादरीवर पडलं होतं. पानं. भोकांची पानं, एकाखाली एक, देठासकट, शिरांसकट.

“हे... हे काय करायलात?” दगडाबाईनं विचारलं.

“मृण्मयीच्या बाळासाठी केलीय. आता डोळे आलेत ना, मग हात राहवेना.” काकू कप घेऊन आल्या. “सुयांवरून उतरते तेव्हा नुसता बोळा असतो बघा. धुवून अशी टाचण्यांवर ताणली, की मग जाळी उघडते. सगळी जादू ह्या शेवटच्या दिवसात. पण धुवायची ती थंड पाण्यात, हळू, बाळाला न्हाऊ घालतात तशी. पिळायची नाही, चोळायची नाही. आणि गरम पाण्याचा थेंबसुद्धा नको. गरम पाणी लागलं की लोकर आक्रसते, भोकं मिटतात, आणि मग ब्रह्मदेव आला तरी उघडत नाहीत.”

दगडाबाईनं कप घेतला. तो हातात तसाच राहिला.

“सत्यशीलाची तर फारच देखणी झाली असेल,” काकू म्हणाल्या. “केवढी पानं होती तिची! मी पुण्याहून फोन केला होता, तर म्हणाली, आत्याबाईंनीच धुवून ताणून दिली, फार छान झाली. मला इतकं बरं वाटलं हो. कशी दिसत होती?”

“चांगली झाली व्हती,” दगडाबाई म्हणाली. “लई ऊबदार.”

चहा तसाच ठेवून ती घरी आली. फोनवर सुद्धा! मरणाच्या दारात बसून त्या बाईनं परक्या घरात सासूची अब्रू राखली होती. जी जन्मात कधी पैशाचं खोटं बोलली नाही, वेळेचं नाही, भाजीत मीठ विसरलं तर स्वतःहून सांगायची. आणि आपण? दारात येणाऱ्या बायांना कोपरा उचलून दाखवत होतो. दगडाबाईला ते आठवलं आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सुकेशनी खाली सतरंजीवर अभ्यास करत होती. दगडाबाई तिच्यासमोर बसली.

“सुकू, तुझ्या मायची शाल मी नासली गं.”

सुकेशनीनं पुस्तकातून मान वर केली नाही. “मला माहिती हाय, आजी.”

“कुनी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पायजे? मम्मीसोबत मीच बघायचे ना सगळं. त्याच दिवशी कळलं मला. लई राग आला होता तुझा. मी बोलनारच होते.” तिनं पुस्तक मिटलं. “मम्मी म्हनली, नाय बोलायचं. कधीच नाय.”

“कामून?”

“म्हनली, आजीचे पाय बघ. म्हनली, जन्मभर त्यांना जे येत होतं ते सगळं त्यांनी माझ्यासाठी केलं, तेवढं कुनी केलं नाय माझ्यासाठी. म्हनली, शाल तुझ्याकडं राहिली तर कधी ना कधी आजीला कळंल. म्हनून मी घिऊन जाते.”

दगडाबाईच्या छातीत काहीतरी वर-खाली व्हायला लागलं, खूप जुनं, खूप दिवसांचं अडकलेलं. सुकेशनी उठली. दप्तरातून इतिहासाचं पुस्तक काढलं, त्यात ठेवलेला कागद उघडला आणि त्यातून तळहाताएवढा एक अबोली तुकडा काढून आजीच्या हातावर ठेवला.

“शाल सुरू करायच्या आधी मम्मीनं करून बघितलेलं. आम्ही दोघींनी धुतलं होतं. उशीवर टाचण्या लावून.”

एकच पान होतं. पिंपळाचं, देठासकट. त्याच्या भोकांमधून दगडाबाईला स्वतःच्या हाताच्या रेषा दिसल्या, भेगाळलेल्या, काळ्या पडलेल्या. एवढ्या दिवसांत जे पान तिला कधी दिसलं नव्हतं ते आता उघडं होऊन तिच्या हातावर पडलं होतं. हाच नमुना अख्ख्या शालभर होता. सगळा तिनं पायाखाली तुडवला होता. “सत्यशीले,” ती म्हणाली, “अगं माझ्या बाई,” आणि मग तिच्या गळ्यातून असा आवाज निघाला की सुकेशनी घाबरून जवळ सरकली. डोळे भरले, नाकातोंडातून पाणी वाहायला लागलं, आणि दगडाबाईनं घाईघाईनं हात लांब केला, जेवढा लांब जाईल तेवढा, तोंडापासून दूर.

“घे गं, आधी घे हे माझ्या हातातून,” ती हुंदक्यात म्हणाली. “डोळ्याचं पानी गरम असतंय.”